डब्लिनच्या फळ्यावर टाचलेली पत्रं

डब्लिन, मंगळवार, १३ मे २०२५

चि. मल्हार,

तुझ्या शिवलीलाआत्याचा आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. पळू नकोस. मी एकटीच आहे, तुझा बाप बरोबर आलेला नाही.

हे पाकीट तुला इथल्या वाचनालयाच्या फळ्यावर मिळेल. वर मुद्दाम मराठीत लिहिलंय, 'मल्हार सिद्धाराम, जळकोट, तालुका तुळजापूर'. इथल्या लोकांना काही कळायचं नाही आणि तुला लांबूनही कळेल. एका बाजूला पियानो शिकवणाऱ्या बाईची जाहिरात आहे, दुसऱ्या बाजूला हरवलेल्या मांजराचा फोटो. मांजर आणि तू एकाच फळ्यावर, शेजारी शेजारी.

मी इथं कशी, ते सांगते. माझ्या युवराजनं या सुट्टीत सगळ्यांनी परदेशी जायचं ठरवलं. तुझ्या वर्षाराणीवहिनीला दुबई हवी होती, नातीला, शिवानीला, जिथं बर्फ असेल तिथं. मी म्हटलं, आयर्लंड. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. जळकोटच्या बाईला आयर्लंड कुठून सुचलं? मी म्हटलं, हिरवंगार असतं म्हणे. साठी उलटलेल्या आईनं कधी नव्हे ते काही मागितलं, म्हणून पोरानं ऐकलं. तू शिकायला इथं आला होतास, हे त्याच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे. मी आठवण करून दिली नाही.

आज ती तिघं समुद्राकाठचे कडे बघायला गेलीत. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा खरोखर दुखतो, पण इतका नाही.

आता तू म्हणशील, आत्या, एवढ्या मोठ्या शहरात मला वाचनालयात कशाला शोधतेस? अरे, आपल्याकडं माणूस सापडत नसला की काय करतात? सकाळी आठला वाचनालयात जायचं. सरपंच, डॉक्टर, ज्याची विहिरीची मोटार बिघडलीय तो आणि जो ती दुरुस्त करतो तो, सगळे तिथंच. पेपर वाचायला नसले तरी पेपर वाचणाऱ्यांशी वाद घालायला येतात. आणि तू तर तिथंच वाढलास. मी कमिटीवर होते म्हणून तुला कुणी हाकलत नव्हतं, नाहीतर टेबलाखाली आडवा पडून वाचणाऱ्या पोराला कोण राहू देतं? म्हणून आल्या दिवशीच युवराजला विचारलं, इथलं वाचनालय कुठं आहे? आम्ही उतरलोय त्या घरापासून चालत जाण्याजोगं निघालं.

टेबलामागं नोरा नावाची बाई असते. माझ्याच वयाची, केस आखूड, स्वेटरला कोपरावर ठिगळ. माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत मी तिला विचारलं, मल्हार नावाचा मुलगा तुमचा सभासद आहे का, जरा रजिस्टर बघता? ती म्हणाली, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, मग मलाच द्या रजिस्टर, मी बघते. ती हसायला लागली. कोण सभासद आहे, कुणी काय वाचायला नेलं, हे तिसऱ्याला सांगायचं नाही असा इथं कायदाच आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, आमच्याकडं रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, कुणाची सून कुठली कादंबरी वाचते हे अख्ख्या गावाला पाठ असतं. तिला ते फार भयंकर वाटलं. पण तिनंच हा फळा दाखवला आणि टाचणी दिली.

दहापासून एकपर्यंत मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. ये. मी काही उकरून काढणार नाही.

तुझी आत्या


गुरुवार, १५ मे

चि. मल्हार,

मांजर सापडलं. त्याचा कागद काढलाय. तू तसाच लटकलेला आहेस.

काल नोराकडून कळलं की या शहरात अशी वीसेक वाचनालयं आहेत. वीस! मला वाटलं होतं, एका गावाला एक. ऐकल्यावर मला माझंच हसू आलं आणि मग रडूही आलं, ते मी पुस्तकाआड उरकून घेतलं. नोरानं न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला. वीस ठिकाणी या गुडघ्यानं कुठं फिरू? मग ठरवलं, इथंच बसायचं. जत्रेत पोर चुकलं तर आईनं एका जागी बसावं, ते फिरत फिरत येतं, असं आपण शाळेच्या सहलीला जाताना सांगायचो ना.

बसून बसून आता मला हे वाचनालय आवडायला लागलंय. इथं कपाटांना काचा नाहीत, कुलपं नाहीत. आपल्याकडं चावी सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी शेतात, आणि शेत बेंबळीच्या रस्त्याला. इथं एक माणूस रोज ओलं जाकीट खुर्चीला अडकवून झोपतो, त्याला कुणी उठवत नाही. मी नोराला विचारलं, हा वाचत तर नाही? ती म्हणाली, बाहेर पाऊस आहे. जणू एवढं उत्तर पुरे.

काल मात्र माझी चोरी पकडली गेली. शिवानी हट्टानं माझ्याबरोबर आली. इथं लहान पोरांना जमिनीवर बसवून गोष्टी सांगतात, ती तिथं रमली आणि परत जाताना फळ्यापाशी थांबली. मराठी अक्षरं दिसल्यावर सोडते काय ती. मोठ्यानं वाचलं आणि घरी जाऊन बापाला विचारलं, "बाबा, मल्हार कोण?"

नऊ वर्षांची पोर. तिला तू माहीत नाहीस. तिच्या बारशाला तू पाळणा हलवला होतास, रे.

युवराजनं तिला खेळायला धाडलं. मग मला म्हणाला, "आई, तू आयर्लंडला वाचनालयात बसायला आलीस?"

"मग काय, समुद्र मी टीव्हीवर बघितला नाही काय?"

"तो येणार नाही, आई. मी त्याला दोन वर्षं मेल टाकत होतो. एकाचंही उत्तर नाही."

म्हणजे तोही गुपचूप शोधत होता आणि मला सांगत नव्हता. आज सकाळी वर्षाराणीनं माझ्या पिशवीत डबा आणि छत्री घातली.

तुझ्या घरी सगळं ठीक आहे. माझ्या भावजयीचं, म्हणजे तुझ्या अव्वाचं, आप्पाचं, म्हशीचं. तुझं नाव कुणी काढत नाही, म्हणून तर तू रोज आठवतोस.

आणि एकदा त्या फ्लेक्सचं बोलून टाकते, कारण मला ठाऊक आहे तो तुला अजून टोचतो. निकाल लागायचा होता, बाजारात तुरी, आणि तुझ्या बापानं हायवेच्या फाट्यावर तुझा दहा फुटी फोटो लावला. 'जळकोटचे सुपुत्र परदेशात उच्च पदवी प्राप्त.' खाली निम्म्या गावाचे फोटो, माझासुद्धा, तोही जुना, वेणी घातलेला. तेरखेड्याहून फटाके आणले, फाट्यावर तासभर धूर होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ तुला पाठवला आणि त्यानंतर तुझा फोन लागला नाही. दर दिवाळीला अव्वाला एक ओळ, 'मी बरा आहे.' सहा वर्षांत सहा ओळी. बरा असतास तर सातवी लिहिली असतीस.

मी इथंच आहे.

आत्या


शनिवार, १७ मे

अरे मल्हारी!

पाकिटं नाहीत! दोन्ही नाहीत!

नोराला विचारलं, साफसफाईत गेली का? ती म्हणाली, फळा दर महिन्याच्या शेवटी रिकामा करतात, मधे कुणी हात लावत नाही. मग कोण घेऊन गेलं, तुम्ही बघितलं का? बघितलं असेल, म्हणाली, पण सांगता येणार नाही. या बाईच्या कायद्यानं माझा जीव घ्यायचं ठरवलंय. पण सांगताना ती अशी हसली की मी ओळखायचं ते ओळखलं. बाहेर येऊन शिवानीला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि स्वतःही खाल्लं, या थंडीत.

म्हणजे तू वाचतोयस. मग आता खरं सांगते. पहिल्या दिवशी लिहिलं नाही, कारण वाचून तू आणखी लांब पळशील अशी भीती वाटली. पण तू मराठी टपाल फळ्यावरून उचलून नेणारा माणूस आहेस, एवढा काही लांब गेलेला नाहीस.

तू नापास झालास, हे आम्हाला ठाऊक आहे.

आजचं नाही. त्याच वर्षीच्या दिवाळीपासून. बेंबळीचा एक पोरगा तुझ्याच कॉलेजात होता. तो घरी बोलला, त्याचा बाप बाजारात बोलला आणि बाजारातून गोष्ट जळकोटला यायला एसटी लागत नाही. तुझ्या बापाला हे बी-बियाणाच्या दुकानात कळलं, चार माणसांसमोर. तो घरी आला, जेवला, कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः शिडी घेऊन फाट्यावर गेला आणि फ्लेक्स उतरवून आणला. वाऱ्यानं फाटला म्हणून सांगितलं. तो फ्लेक्स अजून कडब्याच्या गंजीवर झाकलेला आहे. पाच पावसाळे तू आपल्या बैलांचा चारा कोरडा ठेवतोयस.

पुढचं ऐक. दुकानातल्या चौघांनी गावाला सांगितलं, पण तुझ्या बापासमोर एकानंही अक्षर काढलं नाही. आजही सकाळी वाचनालयात कुणी ना कुणी विचारतं, "सिद्धाराम, साहेब काय म्हणत्यात?" आणि तो म्हणतो, "बरं हाय." विचारणाऱ्याला ठाऊक, सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्या बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक. आपल्या गावानं एवढं मोठं नाटक कधी बसवलं नव्हतं, आणि सहा वर्षांत एकानंही संवाद चुकवलेला नाही. तुझी अव्वा मला वर्षभरानं कानात सांगायला आली, "वन्सं, कुणाला बोलू नगा." मी तरी काय, पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड केलं. आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलो होतो.

मग तू कुणापासून लपलायस, मल्हार? आमच्याकडं तर लपवण्यासारखं काही उरलंच नाही. उरलायस तो तूच.

तुझी अव्वा तुझ्या आवाजाला तरसलीय. मी तिला वचन दिलेलं नाही, तिनं मागितलंही नाही. पण मी तुला न बघता परत गेले, तर तिच्या अंगणात कुठल्या तोंडानं पाय ठेवू?

आत्या


सोमवार, १९ मे

मल्हार,

आज आशीर्वाद नाही.

तिसरं पाकीटही गेलं. म्हणजे तू सगळं वाचलंस. आणि आला नाहीस. काल रविवार, मी शिवानीचा हात धरून दहाला दारात उभी, दार बंद. इथं रविवारी वाचनालय बंद असतं! आपल्याकडं तर रविवारीच बसायला जागा मिळत नाही. मला वाटलं, तूही येऊन परत गेला असशील, म्हणून तासभर पायरीवर बसले. शिवानीला सर्दी झाली. वर्षाराणीनं मला न रागावता तिला वाफ दिली, तेच मला जास्त लागलं.

कागद नेतोस आणि तोंड दाखवत नाहीस, याला आपल्याकडं काय म्हणतात ते मला चांगलं येतं, पण मी शाळेत कधी ते शिकवलं नाही, आता लिहून दाखवणार नाही.

तुला काय वाटतं, पगार किती, हे विचारायला मी समुद्र ओलांडून आले? तू कुठं राहतोस, काय करतोस, लग्न केलंस का, कुणाशी केलंस, काही सांगू नकोस. तू जेवतोस की नाही, एवढंच मला तुझ्या तोंडावरून बघायचंय. ते फोनवर दिसत नाही आणि 'मी बरा आहे' मध्ये तर मुळीच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तुझी अव्वा उखळात शेंगाची चटणी कुटत बसली होती. युवराजला पित्त होतं, वर्षाराणीला तिखट चालत नाही, शिवानी तर वासानं पळते. एवढी चटणी कुणासाठी, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तीन पदरी पिशवीत बांधून माझ्या साड्यांच्या मधोमध ठेवली. माझ्या सगळ्या साड्यांना आता लसणाचा वास आहे.

आणि तुझा बाप. माझी बॅग उचलून स्टँडपर्यंत आला. उभ्या आयुष्यात त्यानं माझी बॅग कधी उचललेली नाही. सोलापूरची गाडी लागली, मी खिडकीत बसले, तरी हा तिथंच, चपलेनं माती उकरत. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "अक्का, थंडी असंल तकडं." माझ्यासाठी म्हणत नव्हता रे. माझ्या मांडीवर दोन स्वेटर होते, ते त्याला दिसत होते.

परवा पहाटे आमचं विमान आहे. उद्याचा दिवस तेवढा आहे. मी दहाला येते आणि या वेळी एकला उठणार नाही, नोरा कुलूप लावेपर्यंत बसेन. आला नाहीस तर चटणी नोराकडं ठेवून जाईन. ती भोळी बाई पावाला लावून खाईल, मग तिचं जे होईल त्याचं पाप तुझ्या माथी.

ये रे बाळा.

आत्या


जळकोट, बुधवार, २८ मे

चि. मल्हार,

आशीर्वाद, आणि मागच्या वेळी दिला नव्हता तोही.

आम्ही सुखरूप पोचलो. शेवटच्या दिवशी तू आलास आणि मी तुला ओळखलं नाही, हे मनावर घेऊ नकोस. एवढी दाढी, तो दवाखान्यातला निळा अंगरखा, डोळ्यांखाली काळं. माझ्या समोरची खुर्ची ओढून कुणी बसलं, मला वाटलं झोपायला आला असेल. मग तू म्हणालास, "आत्या, नोराला चटणी देऊ नको, मरंल बिचारी." आणि मी ओरडले. सगळं वाचनालय वळून बघायला लागलं आणि तू म्हणालास, "हळू, आत्या, हळू," आणि तूच रडायला लागलास.

तुझ्या पाकिटाचा फोटो कुणा मराठी पोरीनं तिथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात तो तुझ्यापर्यंत पोचला, हे तू सांगितलंस ते मी इथं येऊन सगळ्यांना सांगितलं. म्हणजे माझी जागा चुकली तरी रीत चुकली नव्हती. मी असताना यायचं धाडस होत नव्हतं म्हणून संध्याकाळी मी गेल्यावर येऊन पाकिटं नेत होतास. नोरानं ते रोज बघितलं आणि मला सांगितलं नाही. तिचा कायदा मी आता माफ केलाय. जिथं खायला बंदी आहे तिथं तू बोटानं चटणी खात होतास, तेव्हा ती पाठ करून पुस्तकं लावत होती.

आता तुझ्याशी भांडण होईल असं लिहिते. तू मला म्हणालास, "आत्या, नापास झाल्याचं आप्पाला ठाऊक असू दे. पर माझं काम सांगू नको. पोरगा परक्या मुलखात म्हाताऱ्यांची अंगं धुतो, हगणं-मुतणं काढतो, हे त्याला सोसायचं न्हाय." मी बरं म्हटलं. मनापासून म्हटलं.

आल्यावर पहिले दोन दिवस तुझ्या बापानं काही विचारलं नाही. अव्वानं विचारलं, तिला मी तुझी तब्येत सांगितली, दाढी सांगितली, ती हसली आणि उठून आत गेली. तिसऱ्या दिवशी तुझा बाप माझ्या ओट्यावर येऊन बसला. "अक्का, पोरगं करतं काय?" मी म्हटलं, कामाला आहे. "काय काम?" म्हटलं, दवाखान्यासारखं असतं तिथं. "अक्का, काय काम?"

आयुष्यभर पोरांच्या थापा पकडण्यात गेलं माझं, मला स्वतःला थाप मारता येत नाही. आणि त्याचे डोळे असे होते की नाही म्हणणं पाप वाटलं. मी सगळं सांगितलं. सांगितल्यावर तो उठला आणि चहाला हात न लावता गेला.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले, तुला काय सांगू. तो माझ्याकडं फिरकला नाही. अव्वा माझ्या स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत होती, "घरात बोलंनात ते, जेवण बी अर्धंच." मला वाटलं, हाताशी आलेलं पोर मी माझ्या तोंडानं परत घालवलं. तुला कसं कळवावं, या विचारात झोप नव्हती. तुझा नंबर तू दिलास, पण फोन लावायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी तो आला. हातात घडी केलेला कागद, भाताच्या शितानं चिकटवलेला. म्हणाला, "पत्ता तू घाल." तू म्हणाला होतास ना, खोली सारखी बदलते, नोराच्या नावानं वाचनालयातच पाठव, म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. त्याचा कागद मी वाचलेला नाही. उजेडाला धरून बघितला, पण त्यानं घडी फार बारीक घातलीय.

त्यात काय असेल ते असो. वाईट असेल तर माझ्यावर रागाव, त्याच्यावर नको.

तुझी आत्या


मल्हार,

म्या सातवी शिकलेला, चुका काढू नको. हे लिव्हायला लई वेळ लागला.

अक्का सांगत न्हवती, म्या खोदून इचारलं. म्हातारी मानसं न्हाऊ घालतोस म्हनली. म्या दोन दिस गप ऱ्हायलो. अक्काला वाटलं राग आला. राग न्हवता. आठवत हुतो.

तुझा आज्जा अंथरुनाला खिळला तवा त्येला म्या न्हाऊ घालायचो. तू लहान हुतास, शाळेत बी जात न्हवतास. तांब्या तू धरायचास. पानी कढत हाय का म्हनून आधी सवताच्या हातावर घ्यायचास, मग आज्ज्याच्या पायावर. आज्जा लई तापट, घरात कुनालाबी अंगाला हात लावू देत न्हवता. मलाबी शिव्या घालायचा. तू आलास की गप पडून ऱ्हायचा. त्येची मान तू धरायचास, इवल्या हातानं. आज्जा गेला त्या दिशीबी आंघूळ तूच घातली, म्या नुसतं पानी वतलं.

हे म्या इसरलो हुतो. साहेब हो, साहेब हो म्हनत बसलो, तुला काय येतं ते बघितलंच न्हाय.

आत्ता वाचनालयात सांगून आलो. नेहमीपरमानं इचारलं, साहेब काय म्हनत्यात. म्या म्हनलं, माझा पोरगा साहेब न्हाय. दुखनाईत म्हाताऱ्यांची सेवा करतो. मग बिरदेव हाय न्हवं, कुनाचंच ऐकत न्हाय त्यो, पेपर खाली ठिवून म्हनला, आमच्या म्हाताऱ्या बाला असं कोन मिळालं न्हाय. मग एकेक जन उठून गेला. म्याबी घरी आलो.

तुझ्या अव्वानं म्होरं बसून इचारलंय, तकडं भाकर मिळती का. मला म्हनली लिव, म्हनून लिव्हलं.

तकडच्या त्या मानसांची मान नीट धरत जा. म्हातारं मानूस भितं, पर सांगत न्हाय.

रजा मिळाली तर ये. न्हाय मिळाली तर फोन कर, म्याच उचलीन. मला बोलाय येनार न्हाय, तुलाबी येनार न्हाय. दोघं गप बसू. पर तू आधी ठिवू नको.

आप्पा